देवाचा करार माणसाने मोडला तर देवही मोडतो का?

विचारलंय की ख्रिस्ती लोक ज्याला देवाचा करार म्हणतात तो काय असतो, आणि माणसाने पाळला नाही तर देवही हात वर करतो का. करार म्हणजे देवाने माणसाशी बांधलेलं वचनाचं नातं, आणि माझं उत्तर, नाही करत. आमच्या घरात यावरून चांगलंच वाजलंय म्हणून जरा लांबण लावतो.

पप्पांना पॅरालिसिसचा अटॅक आला, हॉस्पिटलमधून कळव्याला घरी आणलं आणि लगेच कोपरखैरण्याचे धाकटे काका हजर, सोबत त्यांच्या नव्या चर्चचे दोन ब्रदर. आम्ही मूळचे नगरकडचे, मंडळी म्हणजे आमचं चर्च, पाळकसाहेब, प्रभुभोजनाचा विधी, साधं काम. काका मात्र हल्ली दशमांशाला, म्हणजे चर्चला द्यायच्या मिळकतीच्या दहाव्या हिश्शाला, देवाकडची एसआयपी म्हणतात. आई चहा टाकतेय तोवर एका ब्रदरने बायबल उघडलं, अनुवाद नावाच्या पुस्तकाचा 28वा अध्याय, पान अख्खं पिवळ्या हायलायटरने रंगवलेलं, आणि पप्पांच्या उशाशी बसून शाप वाचायला सुरुवात. 68 वचनांचा अध्याय आहे, आशीर्वाद पहिल्या 14 मध्येच आटोपतात, पुढे शापच शाप. वर म्हणतो कसा, घरात कोणीतरी करार मोडलाय, दशमांश थकलाय, म्हणून हे दुखणं. पप्पांना बोलता येत नव्हतं पण ऐकू तर येत होतं ना! चांगल्या हाताने चादर मुठीत आवळून पडले होते.

मी म्हटलं ब्रदर, बायबलच्या पहिल्याच पुस्तकातला, उत्पत्तीचा 15वा अध्याय वाचलाय का? अब्राम, म्हणजे पुढचा अब्राहाम, त्याला देव वतन म्हणून देश द्यायचं वचन देतो आणि कालवड, शेळी, एडका आणायला सांगतो, तो ते मधोमध चिरून समोरासमोर मांडतो. त्या काळी करार करणारे त्या तुकड्यांमधून चालत जायचे, शब्द मोडला तर माझंही असंच होवो म्हणून. अब्राम कुठे होता तेव्हा? गाढ झोपलेला! मधून गेली ती धुमसणारी भट्टी आणि मशाल, म्हणजे देव एकटाच. जलप्रलयानंतर नोहाच्या वेळचा करार तर सगळ्या प्राण्यांशी आहे, त्यात गाईबैलांनी दशमांश कुठून आणायचा? काका म्हणाले ते जुन्या करारातलं, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागातलं झालं. अहो मग अनुवादाचं पुस्तक कुठे आहे, त्यातच ना?

चहा न घेताच गेले.

आता मोशेच्या हातून सीनाय डोंगरावर झालेल्या कराराला अटी होत्या हे खरंच आहे, आज्ञा पाळा तर आशीर्वाद. इस्राएलने त्या मोडल्या, बाबेलच्या बंदिवासात गेले. पण तिथे देवाने विषय संपवला नाही, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, 31व्या अध्यायात तो नवा करार करीन, नियमशास्त्र हृदयावर लिहीन म्हणतो, आणि शेवटच्या भोजनाला येशू प्याला हातात घेऊन तो करार आपल्या रक्तात आहे म्हणतो. आमचा करार तो, त्याला हप्ते नाहीत. दानाला माझा विरोध नाही हां, मीही देतो, आणि कसंही वागा असंही म्हणत नाहीये, बायबलमधलं याकोबाचं पत्र वाचलं, विश्वासाबरोबर कृतीही हवी म्हणणारं, तर कान उपटले जातातच.

तुमच्याकडे असं कोणी आलं तर योहानाच्या शुभवर्तमानाचा 9वा अध्याय काढून द्या. जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात पाप कोणाचं, ह्याचं की आईबापाचं, येशू म्हणतो कोणाचंच नाही. काका, वाचत असाल तर यावर बोला, सकाळचे फॉरवर्ड नकोत.