सातव्या आठवड्याचा रकाना

"मॅडम, परदेशी नोकरीला जायचं तर एकूण किती पैसे हाताशी हवेत?" मी समुपदेशक. हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या नर्सेसनी ठेवला आहे, की आता तो ऐकला की मी पेन खाली ठेवते. आकडा सांगता येतो. पण आकडा कळल्यामुळे कुणाला त्या रात्री शांत झोप लागली, असं मी अजून पाहिलेलं नाही. म्हणून आज एकीची गोष्ट लिहिते. खरं तर ती तिघी-चौघींची मिळून एक आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. पैशाचे तपशील मात्र खरे ठेवलेत, कारण पाय अडकतो तो तिथेच.

ती अतिदक्षता विभागातली स्टाफ नर्स. ब्रिटनमधल्या एका रुग्णालयाचं ऑफर लेटर हातात होतं, तरी दोन महिने सही होत नव्हती. रात्री जाग यायची, ड्यूटीवर औषधाचा डोस तीन-तीनदा तपासायची. पहिल्याच भेटीत तिने वही उघडून माझ्यासमोर सरकवली. अक्षर सुरेख, पट्टीने आखलेल्या ओळी. तिथल्या नर्सिंग कौन्सिलची म्हणजे एनएमसीची फी तिने २०२४ च्या दराने लिहिली होती: पात्रतेच्या छाननीचे १४० पौंड, संगणकावरच्या सीबीटी परीक्षेचे ८३, तिथे गेल्यावर द्यायच्या ऑस्की या प्रात्यक्षिक परीक्षेचे ७९४ आणि नोंदणीचे १५३. बेरीज १,१७०. त्याखाली इंग्रजीची परीक्षा, व्हिसा, वैद्यकीय तपासणी, विमानाचं तिकीट. आणि सगळ्यात शेवटी, लाल शाईत, एका एजंटने 'जागा धरून ठेवायला' मागितलेली रक्कम. ती वरच्या सगळ्या बेरजेइतकी होती.

आधी लाल शाईबद्दल बोलते. एरवी मी सल्ला द्यायची घाई करत नाही, पण इथे गप्प बसणं मला पटत नाही. नोकरी मिळवून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेऊ नयेत, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात आहे. ब्रिटनमध्ये काही मोजके व्यवसाय सोडले तर १९७३ च्या कायद्यानेच त्याला मनाई आहे, आणि परदेशातून आरोग्य कर्मचारी आणणाऱ्या एजन्सींसाठी तिथल्या सरकारने घातलेली आचारसंहिताही तेच सांगते. एजन्सीचे पैसे रुग्णालयाने द्यायचे असतात. मी तिला एवढंच म्हटलं, "एजंटला काही विचारू नका. थेट रुग्णालयाला मेल करा, की कोणकोणता खर्च तुम्ही करणार ते लेखी कळवा." आठवड्याभरात उत्तर आलं. ऑस्कीची पहिली फी, व्हिसा, तिकीट आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांची राहायची सोय त्यांच्याकडे होती. ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर काही पैसे परत करावे लागणार होते. परतफेडीची ती रक्कम दर महिन्याला कमी होत जाईल असं करारात स्पष्ट लिहून घ्या, हे मी तिला सांगितलं आणि तुम्हालाही सांगते.

लाल शाईची ओळ खोडली गेली. बेरीज निम्म्याहून खाली आली. ती खूश होऊन गेली आणि पुढच्या भेटीला पुन्हा तशीच ओढलेल्या चेहऱ्याने आली. "आकडा कमी झाला मॅडम, पण पोटातला गोळा तसाच आहे."

मला अशा वेळी बरं वाटतं, हे कबूल करते. आकडा बाजूला झाला की खरं काम समोर येतं.

तिच्या वहीकडे बघत मी विचारलं, "सिस्टर, पेशंटच्या शरीरात दिवसभरात किती गेलं आणि किती बाहेर आलं, एवढी बेरीज तुम्हाला कुणी रात्री दिली, तर चालेल?"

"छे! आमच्याकडे इनटेक-आउटपुट तासातासाला लिहावा लागतो. दिवसाची बेरीज बरोबर दिसते आणि मधले चार तास युरिन बंद असते. पेशंट जातो तो त्या चार तासांत."

हे बोलून ती थांबली. वही स्वतःकडे ओढून घेतली. पान उलटलं, परत मागे आली. बराच वेळ आम्ही दोघीही काही बोललो नाही. मग ती हळूच म्हणाली, "मी इथे नुसती दिवसाची बेरीज लिहिलीय."

तिथेच बसून तिने नवीन पान आखलं. डावीकडे आठवडा पहिला ते सोळावा, मग 'आत', 'बाहेर' आणि 'शिल्लक'. मला काही शिकवावं लागलं नाही. जी बाई रोज दुसऱ्याचा चार्ट डोळ्यांत तेल घालून भरते, तिला स्वतःचा चार्ट भरायला फक्त कुणीतरी बसवावं लागतं. माझ्या कामातली ही गोष्ट मला मनापासून आवडते. उपाय बहुतेक वेळा माणसाच्या हातात आधीच असतो, तो दुसऱ्या खोलीत ठेवलेला असतो इतकंच.

चार्ट भरत गेला तसतसे बेरजेत न दिसलेले तास दिसायला लागले. तिथे पगार महिन्याच्या शेवटी होतो. रुजू होण्याची तारीख त्या महिन्याच्या पगाराची यादी बंद झाल्यावर आली, तर पहिला पगार थेट पुढच्या महिनाअखेरीस, म्हणजे सहा-सात आठवड्यांनी. तोवर 'आत'च्या रकान्यात शून्य. 'बाहेर'मध्ये मात्र पाचव्या आठवड्यात घर बघायचं. इंग्लंडमध्ये डिपॉझिट बहुतेक भाड्यांसाठी पाच आठवड्यांच्या भाड्यापर्यंत घेता येतं, वर पहिल्या महिन्याचं भाडं. अंथरूण-पांघरूण, जाड कोट, बसचा पास. नोंदणी होईपर्यंत बऱ्याच रुग्णालयांत पगार बँड चार या खालच्या श्रेणीचा, नंतर बँड पाचचा. ऑस्कीचा पहिला प्रयत्न रुजू झाल्यापासून बारा आठवड्यांच्या आत द्यायचा. त्यात काही स्टेशन्स म्हणजे परीक्षेतले टप्पे राहिले तर फेरपरीक्षेचे ३९७ पौंड, जास्त राहिले तर पुन्हा पूर्ण ७९४. तिने दहाव्या आठवड्यात पेन्सिलने ३९७ लिहिले. नापास होण्याची भीती इतके दिवस तिच्या छातीवर बसली होती, ती चौकोनात उतरल्यावर केवढीशी झाली!

व्हिसासाठी १,२७० पौंड सलग २८ दिवस खात्यात दाखवावे लागतात. नोकरी देणाऱ्याने तुमच्या पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी लेखी दिली असेल तर लागत नाहीत. तिला तशी हमी मिळाली होती. तरी मी म्हटलं, तेवढे साठवाच. पहिल्या सहा आठवड्यांचं सलाईन तेच आहे.

सातव्या आठवड्यात शिल्लक जवळजवळ शून्यावर आली होती, पण शून्याच्या खाली गेली नव्हती. मला वाटलं आता ती सुस्कारा सोडेल. ती म्हणाली, "इन्सेन्सिबल लॉस राहिला."

श्वासातून, घामातून जे पाणी जातं ते पिशवीत मोजता येत नाही. मोठ्या माणसाचं दिवसाला सुमारे ८०० मिली धरतात आणि हिशेबात घेतात. हे तिनेच मला समजावून सांगितलं. मी विचारलं, "मग इथे तो कुठला?"

तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "घरी पाठवायचे. बाबांचं कर्ज, भावाची फी. पहिल्या पगारापासून पाठवायचेच, असं मी सगळ्यांना बोलून बसलेय."

'असं झालंच पाहिजे' हा हट्टच माणसाला छळतो, असं सांगणाऱ्या अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारपद्धतीत माझी घडण झाली, त्यामुळे माझा कान अशा ठिकाणी लगेच टवकारतो. मी तिला ते वाक्य कागदावर लिहायला सांगितलं आणि 'पाठवायचेच'मधल्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं.

"हा 'च' कुणी घातला?"

"मीच."

"आणि नाही जमलं पहिल्या महिन्यात तर?"

"सगळे म्हणतील, तिकडे गेली आणि बदलली."

"कोण म्हणालं तसं?"

तिने खूप विचार केला. "अजून तरी कुणीच नाही." आणि मग तिला रडू आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

एवढ्या वर्षांत मला जे उमगलंय ते हे, की 'किती पैसे लागतील' असं विचारणारी बाई बहुतेक वेळा 'मी कुणाला किती दिवस थांब म्हणू शकते' हे विचारत असते. दुसरा प्रश्न तोंडावर येत नाही, कारण तो स्वार्थी वाटतो. घरी पैसे पाठवू नका असं मी कधीच सांगत नाही. त्या पैशांत माया असते आणि तिचा अभिमानही. पण तारीख न लिहिलेलं वचन हे उघड्या राहिलेल्या नळासारखं असतं. त्याला आठवडा लावा, रक्कम लावा आणि तो कागद विमानात बसायच्या आधी घरच्यांना दाखवा. फोनवर, महिनाअखेरीस, थकून आल्यावर हे बोलणं होत नाही.

तिने चार्ट बाबांसमोर ठेवला. बाबांनी चष्मा लावून सगळा वाचला, सातव्या आठवड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे तर तुझ्याकडेच काही नाही. आम्हाला कुठून देणार होतीस?" भावाने फीचे हप्ते पाडून मागितले. पाठवायचं पाचव्या महिन्यापासून ठरलं. सोळाव्या आठवड्याच्या पुढे तिने आणखी एक ओळ वाढवली: अचानक घरी यावं लागलं तर तिकिटाचे. त्या ओळीला कुणीही हात लावायचा नाही, असं बाबांनीच सांगितलं.

ज्यांचा देश वेगळा आहे त्यांनीही आठवडेच मांडावेत. जर्मनीला जायचं तर सहसा बी-टू या वरच्या मध्यम पातळीपर्यंत जर्मन भाषा लागते. तिथे मोठा खर्च क्लासचा नसून शिकताना बुडणाऱ्या पगाराचा असतो. अमेरिकेतल्या नर्सिंग परवान्याच्या एनक्लेक्स परीक्षेची नोंदणी फी २०० डॉलर, पण व्हिसाची रांग वर्षांची असू शकते. आणि एनएमसीसाठी ओईटी किंवा आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल साधारणपणे दोन वर्षांच्या आतला लागतो, तेव्हा सगळ्यात आधी तीच परीक्षा देऊन मग वर्षभर निवांत बसलात तर फी दोनदा भरायची वेळ येईल.

ती गेली. मध्यंतरी तिचा मेसेज आला, सोबत चार्टचा फोटो. सातव्या आठवड्याच्या ओळीत चहाचा डाग पडला होता आणि बाजूला निळ्या शाईत लिहिलं होतं: "पगार आला. टॅक्स कोड चुकीचा लागल्याने कर जास्त कापलाय, पुढच्या महिन्यात परत मिळेल म्हणतात. शिल्लक ४१ पौंड. झोप सात तास."