ऑक्टाव्हिया आरएसची किंमत नव्हे, तुमचा विमा चुकलाय

पुण्याचे एक वाचक, वय 38. हातात येणारा पगार 2 लाख 10 हजार, पत्नी घर सांभाळते, मुलगी पहिलीत, गृहकर्ज 46 लाख बाकी. 2017 मध्ये मित्राच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमध्ये बसून खंबाटकी घाट चढले आणि तेव्हाच ठरवलं की घ्यायची तर हीच. ऑक्टोबर 2025 मध्ये आरएस परत आली ती 49.99 लाखांना, फक्त 100 गाड्या, त्याही संपल्या. ‘चाळीसच्या आत येईल असं वाटलं होतं, फार वाईट वाटलं,’ असं ते लिहितात. आता त्या शंभरातली एक गाडी 56 लाखांना विकायला आहे. विम्याची पॉलिसी मोडून 18 लाख, बाकी कर्ज. घेऊ का?

नको.

तुमचं वाईट वाटणं मी समजू शकतो, पण अपेक्षाच चुकीच्या पायावर होती. 2017 ची गाडी एक्स-शोरूम 24.62 लाखांना मिळाली, कारण ती आपल्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जुळवली जात होती. 2020 ची पूर्ण आयात होती, किंमत 35.99 लाख. तिच्यावर वर्षाला सहा टक्के महागाई धरली तरी 2025 मध्ये 48 लाख होतात. नवीही बाहेरूनच तयार होऊन आली. सीमाशुल्क किमान 70 टक्के, त्यावर 40 टक्के जीएसटी. शंभर गाड्यांसाठी कोणी इथे जुळवणी सुरू करत नाही.

आता 38 लाखांचं कर्ज. अकरा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता 82 हजार, घराचा 45 हजार. पगारातले 1 लाख 27 हजार पहिल्याच आठवड्यात गेले. गाडीचा विषय माझ्यापुरता इथे संपला.

मला अस्वस्थ केलं ते पत्रासोबतच्या पॉलिसीच्या फोटोनं. बँकेतल्या साहेबांनी 2018 मध्ये ‘गाडीचा फंड’ म्हणून ती गळ्यात मारली. वर्षाला 3 लाख, 15 वर्षं, शेवटी हमीचे 62 लाख. ‘पैसे वाढून मिळतात’ हे खरं, पण किती? वर्षाला जेमतेम चार टक्के. आठ हप्त्यांचे 24 लाख भरून आज हातात 18. हेच पैसे साध्या मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर कर भरूनही 29 झाले असते. आठ वर्षांनी गाडी घ्यायची असलेल्या माणसाला पंधरा वर्षांची पॉलिसी विकणं ही फसवणूक आहे, मी तिला दुसरं नाव देणार नाही.

तरीही ती आता मोडू नका. व्हायचं ते नुकसान होऊन गेलं. आजचे 18 लाख आणि पुढचे सात हप्ते यांचे 2033 मध्ये 62 होणार असतील, तर इथून पुढचा परतावा साडेआठ-नऊ टक्के पडतो. विमा रक्कम हप्त्याच्या दहापट असल्याने करमुक्तही. एवढ्या सुरक्षित जागी तुम्हाला याहून चांगलं काही मिळणार नाही. मोडलीत, तर साहेबांनी केलेल्या चुकीवर तुम्हीच शिक्का माराल.

आणि तुम्ही न विचारलेली गोष्ट. फोटोत विमा रक्कम आहे 30 लाख. दुसरा विमा नाही, असं तुम्हीच सहज एका ओळीत लिहिलंय. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर ते 30 लाख थेट गृहकर्जात जातील आणि वर 16 लाख फेडायचे उरतील. पगार बंद, मुलगी पहिलीत. त्याच फोटोत खालच्या कोपऱ्यात नॉमिनी म्हणून अजून तुमच्या आईंचं नाव आहे. पत्नीला ही पॉलिसी कुठल्या कपाटात आहे हे तरी माहीत आहे का?

दोन कोटींचा मुदत विमा, म्हणजे टर्म इन्शुरन्स, घ्या, साठीपर्यंतचा. सिगारेट ओढत नसाल तर वर्षाला तीस-पस्तीस हजारांच्या आसपास पडेल. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. परतावा देणारा, पैसे परत करणारा, असला कुठलाही प्रकार दाखवला तर उठून या. अर्जात तब्येतीचं काही लपवू नका, वैद्यकीय तपासणी होऊ द्या. नॉमिनीचा फॉर्म एका पानाचा असतो, तो याच आठवड्यात भरा आणि पत्नीला सोबत घेऊन जा.

गाडीच्या मालकाला आजच फोन करून नाही म्हणा, त्यांना ताटकळत ठेवू नका.