जुन्या प्रिंटरमधली पाच वायरची स्टेपर मोटर चार वायरच्या ड्रायव्हरवर (मोटरला वीज देणाऱ्या सर्किटवर) चालवायची आहे. ती सुरक्षितपणे कशी उघडावी? चुंबक खराब होतो का?

चुंबकाचं आधी सांगतो, कारण या एका मुद्द्यावर माझं बऱ्याच जणांशी वाजलं आहे. एक गट म्हणतो, मोटर उघडली की मेली. दुसरा म्हणतो, छे, काही होत नाही. दोघेही अर्धेच बरोबर.

हायब्रिड मोटरमधला (स्टेपर मोटरचा एक प्रकार) चुंबक रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाच्या, दोन दातेरी कपांच्या मध्ये असतो. रोटर स्टेटरमधून (कॉइल असलेल्या स्थिर भागातून) बाहेर काढला की चुंबकीय रेषांना परतीचा लोखंडी रस्ता उरत नाही. चुंबक अल्निकोचा (ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचा) असेल तर त्याची ताकद तिथल्या तिथे उतरते, आणि रोटर परत बसवून ती येत नाही. निओडिमियमला असं फारसं होत नाही. आता बाहेरून बघून आत कुठला चुंबक आहे ते कसं कळणार? म्हणून रोटर जागचा हलवायचाच नाही. शिवाय रोटर आणि स्टेटरमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. बाहेर आलेला रोटर टेबलावरचा लोखंडाचा कीस ओढून घेतो, आणि मग मोटर कायमची खरखरते. कीस लागलाच तर फडक्याने पुसू नका, चिकटपट्टीने टिपून काढा.

सुदैवाने वायरिंग बदलायला रोटर काढावा लागतच नाही. मार्करने दोन्ही झाकणं आणि स्टेटरवरून एक सलग रेघ ओढा. पुढचं झाकण आणि स्टेटर चिकटपट्टीने घट्ट बांधा, मग मागचे चार लांब स्क्रू काढा आणि फक्त मागचं झाकण सरळ ओढा. बेअरिंग शाफ्टवरच राहील. त्याच्यामागे एक नागमोडी वॉशर असतो, तो नेमका खाली पडतो आणि सापडत नाही, म्हणून आधीच वाटीत ठेवा. शाफ्टवर हातोडी मारणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही.

पाच वायरच्या मोटरमध्ये दोन्ही कॉइलचे मधले टॅप (कॉइलच्या मध्यातून काढलेली टोकं) आत एकत्र जोडलेले असतात. तो जोड छोट्या सर्किट-पट्टीवर किंवा बॉबिनच्या (तार गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या रिळाच्या) पिनांवर दिसेल. तो तोडून दोन टॅप वेगळे करा आणि प्रत्येकावर स्वतंत्र कॅप्टॉन टेप (उष्णता सहन करणारी चिकटपट्टी) लावा. सोल्डरिंग आयर्न पिनेवर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, बॉबिनचं प्लास्टिक वितळलं की केसाएवढी बारीक तार तुटते. बंद करताना स्क्रू तिरप्या जोडीने थोडे थोडे आवळा आणि दर वेळी शाफ्ट फिरवून बघा. कुठे घासल्यासारखं लागलं तर झाकण तिरपं बसलंय.

तुमची मोटर निळ्या टोपीची छोटी २८बीवायजे-४८ असेल तर एवढाही खटाटोप नको. टोपी उचका आणि सर्किट-पट्टीवर लाल वायरपासून निघणारा मधला तांब्याचा पट्टा ब्लेडने कापा. लाल वायर मग निकामी. निळी-पिवळी ही एक कॉइल, गुलाबी-केशरी दुसरी. पाच व्होल्टच्या मोटरमध्ये प्रत्येक जोडीत साधारण १०० ओहम यायला हवेत, आणि निळी ते गुलाबी काहीच नको. तिथे आकडा आला तर पट्टा पूर्ण कापला गेलेला नाही.

सहा वायर असतील तर कृपा करून मोटर उघडूच नका. मधले टॅप बाहेरच आलेले आहेत. आणि इथेच तो जुना वाद: "टॅप मोकळे सोड, पूर्ण कॉइल वापर, टॉर्क वाढतो." टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो, पण कमी वेगाला. पूर्ण कॉइलचे वेढे दुप्पट, म्हणून इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला कॉइल करते तो विरोध) चौपट. अर्ध्या कॉइलला ४ ओहम आणि ३ मिलिहेन्री असेल तर पूर्णला ८ ओहम आणि १२ मिलिहेन्री. प्रवाह चढायला वेळ लागतो आणि वेग वाढला की टॉर्क कोसळतो. मोटर तेवढीच गरम ठेवायची तर करंटही ०.७ पट करावा लागतो, म्हणजे १.२ अँपिअरच्या जागी साधारण ०.८५. हे न करता "मोटर भाजते" म्हणून ओरडणारेच जास्त. यंत्राच्या वेगाने सरकणाऱ्या अक्षाला एक टोक आणि टॅप अशी अर्धी कॉइल वापरा. हळू चालणाऱ्या स्क्रूच्या अक्षाला पूर्ण कॉइल ठीक आहे.

हे आधीच सांगायला हवं होतं: ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका. कॉइलमधला झटका ड्रायव्हरचा चिप जाळतो. आणि जोडण्याआधी प्रत्येक वायर ते मोटरची बॉडी मीटरने तपासा. अगदी थोडी कंटिन्युइटी (वीज वाहण्याचा मार्ग) दिसली तरी तार कुठेतरी सोलली गेली आहे, झाकण परत काढा.