पेनड्राइव्ह लावून रॅम वाढते का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये एकच विषय फिरून फिरून आलाय, तो म्हणजे फ्लॅश मेमरी (पेनड्राइव्ह, एसएसडीमध्ये असते ती) कॅशे म्हणून, म्हणजे वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवायची जागा म्हणून, लावून कॉम्प्युटर फास्ट करायचा. त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, आज यावरच बोलू.

प्रश्न : सर, जुना लॅपटॉप आहे, विंडोज ७, रॅम २ जीबी, साधी हार्ड डिस्क. ब्राउझर उघडला की मिनिटभर नुसतं गोल फिरत बसतं. मित्र म्हणतो १६ जीबीचा पेनड्राइव्ह लाव, रेडीबूस्ट चालू कर, रॅम सरळ १८ जीबी होईल. खरंय का?

नाही, रॅम २ ची २ च राहणार. पण तुमच्या मशीनला रेडीबूस्टचा, म्हणजे पेनड्राइव्हला कॅशे बनवणाऱ्या विंडोजच्या सोयीचा, फायदा होऊ शकतो, आणि तो का होतो ते एकदा समजून घ्या, म्हणजे उद्या कुणी काहीही सांगितलं तरी तुमचं तुम्हालाच पारखता येईल.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते आणि वाचणारं हेड तिच्यावरून मागेपुढे सरकतं. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क धरा. एका फेरीला साधारण ८.३ मिलिसेकंद लागतात, हवा तो भाग हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबायचं म्हणजे ४ मिलिसेकंद, आणि त्याच्या आधी हेडला योग्य जागी सरकायला ८-९ मिलिसेकंद. झाले १२-१३. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८० वेळा वाचून होतं, आणि दर वेळी ४ केबीचाच तुकडा लागत असेल तर सेकंदाभरात हातात पडले फक्त ३२० केबी! लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा ५४०० फेऱ्यांची डिस्क असते, तिथे आणखी हळू. तीच डिस्क एखादी मोठी फाइल सलग वाचायला लागली की सेकंदाला ७०-१०० एमबी सहज देते. म्हणजे डिस्क हळू नाहीये, तिला इकडे तिकडे पळवलं की ती दमते, आणि ब्राउझर किंवा ऑफिस उघडताना नेमकं हेच होतं, शेकडो बारीक तुकडे डिस्कभर विखुरलेले असतात.

फ्लॅशमध्ये फिरणारं सरकणारं काही नाही, कुठलाही तुकडा मागा, साधारण सारखाच वेळ. मायक्रोसॉफ्टने व्हिस्टाबरोबर रेडीबूस्ट आणलं तेव्हा पेनड्राइव्हसाठी अट अशी होती की ४ केबीचे विखुरलेले तुकडे सेकंदाला किमान २.५ एमबी या वेगाने वाचता आले पाहिजेत आणि ५१२ केबीचे तुकडे १.७५ एमबीने लिहिता आले पाहिजेत. २.५ एमबी म्हणजे किरकोळ वाटतं ना? पण हिशोब करा, ४ केबीचे ६४० तुकडे झाले, डिस्कच्या ८० समोर ८ पट. सगळी गंमत या एका आकड्यात आहे.

मग रॅम का नाही वाढली म्हणायचं? कारण रॅमला एक तुकडा द्यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फ्लॅशला त्याच्या हजारपट आणि हार्ड डिस्कला लाखपट. फ्लॅश या दोघांच्या मधे कुठेतरी उभी आहे, डिस्कपेक्षा खूप बरी आणि रॅमच्या आसपासही नाही. प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर चालत नाहीत, डिस्कवर जे आहे त्यातलं वारंवार लागणारं थोडंसं तिथे कॉपी करून ठेवलेलं असतं, एवढंच.

चालू कसं करायचं : पेनड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रेडीबूस्ट टॅब. रॅमच्या १ ते अडीच पट जागा द्या, म्हणजे तुम्हाला २ ते ५ जीबी बास, १६ च्या १६ द्यायची गरजच नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर तसंही ४ जीबीच्या वर जाता येत नाही, तुमच्या कामाला तेवढं पुरतंय, फॉरमॅट करत बसू नका. आणि लावल्या लावल्या ५ मिनिटांत निकाल लावू नका, कॅशे हळूहळू भरतो, रोजचं काम २-३ दिवस करा मग बघा.

एक मात्र कळकळीने सांगतो, लॅपटॉपमध्ये रॅमचा स्लॉट रिकामा असेल तर २ जीबी रॅम टाकणं हे कुठल्याही पेनड्राइव्हपेक्षा भारी पडेल. रिसोर्स मॉनिटर उघडा, मेमरीच्या टॅबमध्ये हार्ड फॉल्ट्सचा (हवं ते रॅममध्ये न सापडल्याने डिस्कवरून आणावं लागणं) आलेख असतो, तो काम करताना सतत उंच राहत असेल तर रॅमच कमी पडतेय, दुसरं काही शोधू नका.

प्रश्न : रेडीबूस्ट चालू असताना मुलाने पेनड्राइव्ह उपटून काढला. माझ्या फाइल्स गेल्या का? आणि तो हरवला तर त्यातलं कुणी वाचू शकेल का?

काही गेलं नाही, निश्चिंत राहा. रेडीबूस्टमध्ये पेनड्राइव्हवर जे काही असतं त्याची मूळ प्रत डिस्कवर असतेच, तुम्ही सेव्ह केलेली फाइल आधी डिस्कवरच जाते. पेनड्राइव्ह गायब झाला की विंडोज गुपचूप परत डिस्कवरून वाचायला लागतं, थोडं हळू होईल इतकंच. वाचण्याचं म्हणाल तर ती कॅशेची फाइल एईएस पद्धतीने एन्क्रिप्ट केलेली असते, दुसऱ्याच्या हातात पडली तरी उपयोग नाही. पण त्याच पेनड्राइव्हवर तुम्ही स्वतः फोटो, कागदपत्रं वेगळी ठेवली असतील तर ती उघडीच आहेत हे विसरू नका.

प्रश्न : एवढं सारखं लिहून पेनड्राइव्ह लवकर मरत नाही का?

झिजतो, हे खरंय. फ्लॅशवर लिहिलेल्या जागी थेट नवीन लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि पुसण्याला मर्यादा असते. जुन्या एसएलसी प्रकारात एक ब्लॉक लाखभर वेळा पुसता यायचा, हल्ली सगळीकडे दिसणाऱ्या टीएलसीत साधारण १ ते ३ हजार वेळा. झीज लिहिण्याने होते, वाचण्याने जवळजवळ नाही, आणि कॅशेत लिहिणं कमी वाचणं जास्त असंच अपेक्षित असतं. त्यामुळे घाबरून बंद ठेवण्यासारखं काही नाही, फक्त ज्या पेनड्राइव्हवर एकमेव बॅकअप आहे तो या कामाला लावू नका. वेगळा ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे एसएसडी आणि १६ जीबी रॅम आहे, अजून स्पीडसाठी पेनड्राइव्ह लावू?

नको. एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी लागणारी फ्लॅशची डिस्क, पेनड्राइव्हपेक्षा कितीतरी वेगवान असते, मध्ये पेनड्राइव्ह घातला तर उलट वाट लांब होईल. विंडोज ७ पासून तर डिस्क पुरेशी वेगवान दिसली की विंडोज स्वतःच रेडीबूस्ट नाकारतं.

प्रश्न : डेस्कटॉपला २ टीबी हार्ड डिस्क आहे आणि एका जुन्या मशीनमधली ६४ जीबीची एसएसडी मिळालीये. ती कॅशे म्हणून लावू की विंडोज तिच्यावर टाकू? मदरबोर्ड झेड६८ आहे.

हा प्रश्न मला फार आवडला, कारण इथे दोन्ही बाजूंनी बोलता येतं. इंटेलने २०११ मध्ये झेड६८ बरोबरच स्मार्ट रिस्पॉन्स नावाची सोय आणली, त्यात एसएसडीचा ६४ जीबीपर्यंतचा भाग हार्ड डिस्कचा कॅशे होतो. एसएसडी १२० जीबी किंवा मोठी असती तर मी डोळे झाकून सांगितलं असतं की विंडोज आणि प्रोग्रॅम तिच्यावर टाका, डेटा डिस्कवर ठेवा, विषय संपला, कारण मग काय कुठे आहे हे तुम्हाला माहीत असतं आणि जे एसएसडीवर आहे ते कायम वेगवानच. पण ६४ मध्ये विंडोज, अपडेट, दोनचार मोठे प्रोग्रॅम टाकले की जागेची मारामारी सुरू, दर महिन्याला साफसफाई. त्यामुळे तुमच्या बाबतीत माझं मत कॅशेकडे झुकतं.

पण त्यात दोन मोड आहेत आणि इथे लक्ष द्या. एन्हान्स्ड मोडमध्ये लिहिलेलं लगेच डिस्कवरही जातं, एसएसडी मेली तरी डेटा सुरक्षित. मॅक्सिमाइज्ड मोडमध्ये लिहिलेलं आधी एसएसडीवर थांबतं आणि डिस्कवर नंतर सवडीने जातं, लिहिणं जोरात होतं पण मधल्या काळात ताजी प्रत फक्त एसएसडीवर असते, ती गेली की तेवढा डेटा गेला आणि डिस्कवरची फाइल सिस्टीमही अर्धवट राहू शकते. जुन्या मशीनमधून काढलेली, किती वापरली गेलीये माहीत नसलेली एसएसडी आहे तुमची, तिच्यावर असा भरवसा अजिबात टाकू नका, एन्हान्स्डच ठेवा. मॅक्सिमाइज्ड कुणी वापरत असेल तर एसएसडी काढायच्या आधी सॉफ्टवेअरमधून अॅक्सिलरेशन बंद करा, थेट केबल ओढू नका. अजून एक, या सोयीसाठी बायॉसमध्ये डिस्कचा मोड रेड (RAID) करावा लागतो, आणि आधी एएचसीआय या दुसऱ्या मोडवर टाकलेलं विंडोज नुसता मोड बदलला की निळी स्क्रीन दाखवू शकतं, म्हणून आधी बॅकअप, मग बाकी सगळं.

ॲपलच्या फ्यूजन ड्राइव्हबद्दलही (फ्लॅश आणि हार्ड डिस्क जोडून केलेला एकच ड्राइव्ह) एकाने विचारलंय. २०१२ मधला तो प्रकार कॅशे नाही, तिथे फाइलचे भाग फ्लॅशवर किंवा डिस्कवर हलवले जातात, दुसरी प्रत नसते. दोघांपैकी एक बिघडलं तरी पूर्ण ड्राइव्ह गेला समजा.

प्रश्न : १६ जीबीचं वापरलेलं ऑप्टेन मॉड्यूल स्वस्तात मिळतंय, चौथ्या पिढीच्या कोअर आय५ ला लावू का?

ऑप्टेन मेमरी, म्हणजे इंटेलचं डिस्कसाठीचं वेगवान कॅशे, म्हणून चालणार नाही. २०१७ मध्ये ती आली तेव्हाच सातव्या पिढीचा कोअर प्रोसेसर आणि तसा मदरबोर्ड लागायचा, तुमच्याकडे चाललीच तर १६ जीबीचा छोटासा ड्राइव्ह म्हणून दिसेल. २०२२ मध्ये इंटेलने ऑप्टेनचा धंदाच गुंडाळायला घेतला, आता त्यात पैसे घालू नका, त्या पैशात साधी साटा एसएसडी बघा.

प्रश्न : घरच्या लिनक्स सर्व्हरवर ४ टीबीची डिस्क भरत आलीये, फोटो, व्हिडिओ आणि एक छोटा डेटाबेस आहे. बीकॅशे लावला तर व्हिडिओ कॉपी करायचा वेग वाढेल का?

बीकॅशे म्हणजे एसएसडीला हार्ड डिस्कचा कॅशे बनवणारी लिनक्सची सोय. व्हिडिओचा वेग नाही वाढणार, डेटाबेसचा वाढेल. मोठी सलग फाइल डिस्क आधीच चांगल्या वेगाने वाचते, म्हणून बीकॅशे मुद्दामच अशी वाचनं कॅशेत घेत नाही, डीफॉल्टला ४ एमबीच्या पुढे सलग गेलं की ते थेट डिस्ककडे सोडून देतं. आणि ते बरोबरच आहे, नाहीतर एक सिनेमा बघितला की डेटाबेसचे सगळे उपयोगी तुकडे कॅशेतून बाहेर फेकले जातील.

बीकॅशे २०१३ पासून, ३.१० आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) आहे, पण अडचण अशी की त्यासाठी डिस्क आधी त्याच्या पद्धतीने तयार करावी लागते, म्हणजे तुमचा सगळा डेटा कुठेतरी हलवा, डिस्क तयार करा, परत आणा. डिस्क आधीच एलव्हीएमवर (डिस्कच्या जागेचे व्हॉल्यूम, म्हणजे भाग, पाडणारी लिनक्सची सोय) असेल तर एलव्हीएम-कॅशे चालू व्हॉल्यूमला जोडता येतो आणि काढताही येतो, डेटा न हलवता, तुमच्यासाठी मला तोच बरा वाटतो. मोड राइटथ्रू ठेवा, म्हणजे लिहिलेलं लगेच डिस्कवरही जाईल. आठवडाभर चालवून हिट (कॅशेत सापडलेलं) आणि मिस (न सापडलेलं) यांचे आकडे तपासा. बहुतेक वाचनं अजून डिस्कवरूनच होत असतील तर तुमचं काम कॅशेला मानवणारं नाही, एसएसडी कॅशेच्या कामातून काढून डेटाबेसच तिच्यावर हलवा, रोजचा बॅकअप डिस्कवर घ्या.