गंजून भोक पडलेल्या लॉन मोव्हरच्या डेकला वेल्डिंग करून चालेल का?

तुम्ही लिहिलंय की मोव्हर जुना आहे, इंजिन ठणठणीत, पण डेकला, म्हणजे पात्यावरच्या धातूच्या झाकणाला, गंजून तळहाताएवढं भोक पडलंय, तर वेल्डिंग करावं की भंगारात द्यावा. मी सांगलीचा, आता ओहायोत असतो, गेल्या वर्षी हाच उद्योग केलाय. करा, पण आधी लोहचुंबक लावून बघा, चिकटलं नाही तर डेक ॲल्युमिनियमचा असणार, मग सरळ टिगवाल्याकडे न्या (टिग म्हणजे ॲल्युमिनियमला चालणारी वेल्डिंगची पद्धत).

पहिल्यांदा मी भोकाच्या कडेलाच टाके मारायला गेलो आणि पत्रा असा वितळत गेला की नाण्याएवढं भोक बशीएवढं झालं. शेवटी मामांना व्हिडिओ कॉल लावला, त्यांची फॅब्रिकेशनची शेड आहे. म्हणाले, "अरे गंजाला कुठं वेल्डिंग धरतंय व्हय? हातोडीनं ठोकत जा, भद्द वाजतंय तेवढं सगळं काप, ठण्ण वाजलं की थांब." कापत कापत जवळजवळ वहीच्या पानाएवढा भाग गेला!

मग १४ गेजचा, म्हणजे साधारण २ मिमीचा पत्रा कोपरे गोल करून वरून ठेवला, सगळीकडून दीड सेंटीमीटर चढेल असा. माझ्याकडे साधं रॉडचं मशीन, ६०१३ नंबरचा २ मिमी वेल्डिंग रॉड, ५० अँपियरच्या आसपास. एक टाका इकडे, एक समोर, मध्ये गार होऊ द्यायचं, सलग ओढलं की पत्रा वाकतोच. आतली बाजू ग्राइंडरने नीट घासा, नाहीतर त्याच कडेला ओलं गवत चिकटून परत गंज धरतो.

हो, स्पार्क प्लगची वायर काढून, पेट्रोल-ऑइल रिकामं करून इंजिन उतरवा आणि नुसता डेक वेल्डिंगला घ्या. आणि ब्रेक क्लीनरने (तेलकटपणा काढायच्या स्प्रेने) अजिबात पुसू नका, क्लोरीनवाला असला तर वेल्डिंगच्या आर्कजवळ त्याचा फॉस्जीन होतो, तो विषारी वायू आहे.

गंज इंजिनच्या बोल्टांपर्यंत गेला असेल तर मात्र मी हात लावणार नाही. २१ इंची पातं मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याचं टोक ताशी ३०० किमीच्या आसपास पळत असतं, तिथे माझ्या टाक्यांवर माझाच भरवसा नाही.

माझं ठिगळ अजून टिकून आहे, दिसतं भयंकर. बायको म्हणते निदान हिरवा रंग तरी मार.