एमआरआयमध्ये जीन दिसतो का हो?

प्रश्न: आईच्या मेंदूचा एमआरआय झाला, मधेच हाताला गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं. मुलगी बायोटेक शिकतेय, ती म्हणते पेशीत कुठला जीन चालू आहे हे पण एमआरआयने कळतं. मग डॉक्टरांनी जीनसाठी रक्ताची वेगळी टेस्ट कशाला सांगितली?
– एक वाचक, सांगली

उत्तर: मुलगी खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतेय. एमआरआयच्या मशीनला जीनबिन काही दिसत नाही हो, त्याला दिसतं मुख्यतः पाणी, म्हणजे पाण्यातल्या हायड्रोजनचा सिग्नल. गॅडोलिनियम हा धातू; त्याला पाणी लागलं की तो भाग फोटोत उजळ येतो, आईंना इंजेक्शन दिलं ते त्यासाठीच.

आता गंमत बघा. अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये थॉमस मीड, अँजेलिक लुई वगैरे मंडळींनी ह्याच गॅडोलिनियमवर गॅलॅक्टोज साखरेचं झाकण बसवलं, म्हणजे पाणी आत पोचायलाच नको, आणि ते झाकण उडवणार कोण तर बीटा-गॅलॅक्टोसिडेज नावाचं एन्झाइम, जे लॅकझेड ह्या जीनवरून बनतं. मग बेडकाचं दोन पेशींचं भ्रूण घेतलं, हे झाकणवालं औषध दोन्ही पेशींत टोचलं पण लॅकझेडचा एमआरएनए (म्हणजे ज्यावरून एन्झाइम बनतं ती जीनची प्रत) एकीतच घातला, आणि पुढे त्या एका पेशीपासून वाढलेला भाग स्कॅनमध्ये जास्त उजळ दिसला! हे 2000 साली छापून आलं. मला स्वतःला ही आयडिया अजूनही भारी वाटते, कारण इथे जीनच्या कामाने झाकण उडतं आणि मशीन बिचारं नेहमीसारखं पाणीच बघतं.

अडचण अशी की ते औषध पेशीच्या आत आपणहून शिरत नाही, सुईने घालावं लागतं. बेडकाच्या भ्रूणात ठीक आहे, माणसाच्या मेंदूत कोण टोचत बसणार? म्हणून 2005 च्या सुमारास काहींनी फेरिटिनचा जीन वापरला. हे प्रोटीन लोखंड साठवतं, त्यामुळे तो भाग स्कॅनमध्ये काळा दिसतो, वेगळं औषध लागत नाही. पण जुना रक्तस्राव पण काळाच दिसतो ना, मग ओळखायचं कसं, तो घोळ आहेच.

आणि मुख्य म्हणजे हे सगळे खबरे जीन आहेत, म्हणजे पेशीत जीनचं काम चाललंय ही खबर देणारे, शास्त्रज्ञांनी बाहेरून पेशीत घातलेले. उंदराच्या मेंदूत जीन थेरपी पोचली का, काम करतेय का हे त्याला न मारता बघायला ते कामाचे, कारण दुसरा नेहमीचा खबऱ्या म्हणजे चमकणारं प्रोटीन, आणि त्याचा हिरवा उजेड एवढ्या खोलातून नीट बाहेर येत नाही. आईंच्या पेशींत असा खबऱ्या कोणी घातलेलाच नाही, तर त्यांच्या स्कॅनमध्ये दिसणार काय?

रक्ताच्या जीन टेस्टमध्ये बहुतेक वेळा डीएनएची अक्षरं तपासतात, कुठे बदल आहे का ते. जीन चालू की बंद हा प्रश्नच वेगळा. आईंचा कुठला जीन बघायचाय आणि रिझल्ट आल्यावर औषधोपचारात काय बदलणार, हे डॉक्टरांना सरळ विचारा, त्यात लाजायचं काय.