रात्री हेडलाइट लावले की मोटरहोमचा हॉर्न घोगरा होतो, दिवसा नीट वाजतो. नवा हॉर्न बसवूनही तेच. काय तपासू?

अर्थिंग तपासा, म्हणजे हॉर्नमधून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत जायची वाट. आणखी एक हॉर्न विकत घेऊ नका.

माझ्याकडेही मिनीबसची करून घेतलेली मोटरहोम आहे. पहिल्याच पावसाळ्यात आंबेनळी घाटात, धुक्यात, वळणावर हॉर्न दाबला तर नुसती घरघर, आणि समोरून एसटी. पुढे दोन हॉर्न आणि एक रिले (बटणाच्या इशाऱ्यावर हॉर्नचा मोठा करंट चालू करणारा स्विच) बदलून झाला. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला! अखेर बंपरमागे एक गंजका बोल्ट सापडला. हॉर्न, हेडलाइट आणि गाडीतले नवे दिवे, सगळ्यांची अर्थची वायर त्या एकाच बोल्टवर कसलेली होती.

दिवसा त्या बोल्टमधून एकट्या हॉर्नचा साधारण 5 अँपिअर करंट जातो. गंजामुळे तिथे 0.3 ओहमचा अडथळा असला तर दीड व्होल्ट खर्ची पडतात. हॉर्न तेवढं सोसतो. पण 60 वॅटचे दोन हेडलाइट लागले की आणखी 10 अँपिअर त्याच वाटेने येतात आणि हॉर्नच्या वाट्याला जेमतेम 8 व्होल्ट उरतात. हॉर्न दाबताना दिवे मंदावतात का, तेही बघा.

व्होल्ट मोजायला मल्टिमीटर लावताना हेडलाइट चालू ठेवा आणि कुणालातरी हॉर्न दाबायला बसवा. हॉर्न बंद असताना घेतलेलं रीडिंग फसवं असतं. आतली एकच बारीक तार शिल्लक असलेली वायरसुद्धा तेव्हा 12 व्होल्ट दाखवते. मीटरचा एक प्रोब (टोकदार पिन) हॉर्नच्या अर्थच्या टोकावर आणि दुसरा बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच टेकवा, क्लॅम्पवर नको. बॅटरी इंजिनची घ्या, घराची (गाडीतल्या राहत्या भागाची वेगळी बॅटरी) नव्हे. मोटरहोममध्ये इथेच घोळ होतो. 0.2 व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक. एक व्होल्ट किंवा जास्त आला की चोर सापडला. खात्रीसाठी हॉर्नच्या अर्थपासून निगेटिव्हपर्यंत जाड वायर तात्पुरती धरा, आवाज लगेच मोकळा होईल.

दुरुस्तीआधी दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह काढा. बोल्टखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासा, नवं रिंग टर्मिनल दाबून बसवा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. गाडीतल्या दिव्यांची अर्थ तिथून काढून घराच्या बॅटरीच्या निगेटिव्हला न्या.

अर्थ ठीक निघाली तर रिलेच्या 30 आणि 87 या, हॉर्नचा करंट वाहणाऱ्या पिनांमध्ये असाच, हॉर्न दाबून, व्होल्टेज मोजा. स्टिअरिंग मात्र कुणालाही उघडू देऊ नका. बटणातून फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ करंट जातो. बिघाड तिथे असता तर तो स्टिअरिंग वळवताना दिसला असता, हेडलाइट लावल्यावर नाही. शिवाय आत एअरबॅग असू शकते.

आणि कुणी मोठा फ्यूज टाकायला सुचवलं तर ऐकू नका. फ्यूज टिकेल, पण वायर जळेल, आणि तुमच्या त्या गाडीत माणसं झोपतात.